शेल्बीच्या गाडीचा कागद

शेल्बी क्राउडर माझ्या शेजारी राहायला आली, त्याच्या तिसऱ्याच दिवशी तिने माझं दार वाजवलं. कडेवर चार वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात चामड्याची जुनी पिशवी.

"मिस वर्नीस ना तुम्ही? टपालपेटीवर नाव वाचलं. काल तुमच्याकडे कुणीतरी पियानो वाजवत होतं."

"मीच वाजवत होते." आमच्याकडे वयस्कर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस'च म्हणतात.

"त्याच्या मधल्या तीन पट्ट्या रडतायत. मला ऐकवत नाही हो. सुरात लावून देऊ का?"

मी म्हटलं, "पट्ट्या रडत नसतील. मी वाजवते ते तसंच ऐकू येतं." ती हसली, पण आत आलीच. मुलीला, म्हणजे जोसीला, माझ्या स्वयंपाकघरात बसवलं, पिशवीतून तारा पिळायच्या चाव्या आणि तारा दाबून ठेवायच्या लोकरी फेल्टच्या पट्ट्या काढल्या आणि दोन तास माझ्या पियानोच्या पोटात डोकं घालून बसली. पिशवी तिच्या वडिलांची. अर्कान्सासमधल्या सगळ्या चर्चचे पियानो त्यांनी आयुष्यभर लावले आणि जाताना हा धंदा मुलीला देऊन गेले. तिने पैसे घेतले नाहीत. मी केलेला चेस पाय, म्हणजे अंडी-साखर घालून भाजलेला गोड पदार्थ, तेवढा अर्धा घेऊन गेली.

तिचा नवरा वेस्ली फौजेत. आमच्या क्लार्क्सव्हिलमध्ये हे काही नवं नाही. छावणी गावाला लागून आहे आणि किराणा दुकानाच्या रांगेत दर तिसरा माणूस फौजेतला असतो. वेस्ली तेव्हा नऊ महिन्यांसाठी पोलंडला गेला होता. शेल्बी आपली हिरवी स्टेशन वॅगन काढायची, जोसीला मागे बसवायची आणि वीस-तीस मैलांवरच्या खेड्यांतल्या चर्चांमध्ये जाऊन पियानो लावायची. जोसीला सर्दी-पडसं असलं की ती माझ्याकडे राहायची. मी एकोणतीस वर्षं शाळेच्या खानावळीत वाढपाचं काम केलंय. एका मुलीने माझं काय होतंय?

त्या सप्टेंबरात मला शेल्बीचं काहीतरी बिनसलेलं दिसू लागलं. फोन वाजला की ती नंबर बघायची आणि फोन पालथा घालायची. दोनदा मी विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, "काही नाही, मिस वर्नीस, वेस्लीची आठवण येते." नवऱ्याची आठवण येणारी बाई फोन पालथा घालत नाही, एवढं मला कळत होतं. पण न विचारता कुणाच्या घरात शिरायची आमच्या गल्लीत पद्धत नाही.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी, सकाळचे दहा वाजले असतील, मी ओसरीवर वाल सोलत बसले होते. शेल्बी आपल्या गाडीत सामान भरत होती. एवढ्यात एक टोइंगचा ट्रक आला आणि उलटा फिरून सरळ तिच्या गाडीच्या पाठीला येऊन थांबला. आतून पन्नाशीचा एक आडदांड माणूस उतरला. शर्टाच्या खिशावर 'रँडल' असं शिवलेलं.

"शेल्बी क्राउडर?"

"हो."

"बाई, ही गाडी न्यायला आलोय. तुमचं आतलं सामान काढून घ्या. मला घाई नाही."

शेल्बी वाद घालत नाही, रडत नाही, नुसती पिशवी छातीशी धरून उभी. आणि मग ती खरोखरच मागचं दार उघडून सामान काढायला वाकली.

मी वालाची परात खाली ठेवली. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी कुणासाठी धावलेले नाही, पण त्या दिवशी दोन्ही अंगणं मी कशी ओलांडली ते मला आठवत नाही.

"शेल्बी, काही काढू नकोस. गाडीत जाऊन बस."

"मिस वर्नीस, माझे हप्ते..."

"ते नंतर. आधी बस. आणि याला सांग, गाडी देणार नाही म्हणून."

तिने रँडलकडे बघून नुसती नकाराची मान हलवली.

"तोंडाने सांग, पोरी. मी सांगून चालत नाही. गाडी तुझी आहे."

ती आत बसली, दार लावून घेतलं, काच चार बोटं खाली केली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मी गाडी देणार नाही."

"ऐकलंस?" मी रँडलला विचारलं.

"ऐकलं बाई. पण माझ्याकडे ऑर्डर आहे."

"कोर्टाची?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"कर्ज देणाऱ्या दुकानाची आहे. ती मला दाखवू नकोस. कोर्टाचा कागद नसताना मालकाच्या तोंडावरच्या नकाराला न जुमानता गाडी ओढलीस तर तो शांतताभंग होतो, आणि ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिने नाही म्हटलं. तू ऐकलंस. मी साक्षीला आहे. आणि त्या समोरच्या घरातून मिस्टर पोलार्ड खिडकीतून बघतायत, ते तर दिवसभर दुसरं काही करतच नाहीत."

रँडलने मागे वळून खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला. मग त्याने दुकानाला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. पोरगेल्या वयाचा कुणी मॅनेजर होता आणि 'काहीही करून आण' असं म्हणत होता. रँडलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तूच ये आणि आण." फोन खिशात टाकला.

"बाई, अकरा वर्षं हे काम करतोय," तो मला म्हणाला. "नाही म्हणणारी माणसं वर्षाला चार भेटतात. बाकीचे सामान काढून देतात." जाता जाता शेल्बीच्या काचेपाशी वाकला. "मी आज परत येणार नाही. पण ते दुसऱ्या कुणाला पाठवतील, आणि तो तुम्ही घरी नसताना येईल. गाडी अशी बाहेर ठेवू नका."

ट्रक गेला. शेल्बी तशीच स्टिअरिंग धरून बसलेली. मी काचेतून म्हटलं, "उतर आता. वाल सोलायला मदत कर."

तिला मदत कसली जमतेय. माझ्या टेबलापाशी बसून तिने सगळं सांगितलं. मार्चमध्ये तिच्या धाकट्या भावाला, कोल्बीला, तिकडे अर्कान्सासमध्ये दारू पिऊन मारामारी केली म्हणून पकडलं. जामिनाला पैसे हवे होते. कोल्बीने याआधी दोनदा पैसे बुडवलेले, आणि वेस्लीने निक्षून सांगितलं होतं, कोल्बीला आता एक छदामही द्यायचा नाही. म्हणून ती घरच्या खात्याला हात न लावता हायवेवरच्या पिवळ्या पाटीच्या कर्जाच्या दुकानात गेली. गाडीच्या मालकीचा कागद त्यांनी ठेवून घेतला, गाडी तिच्याकडेच राहिली, आणि वीस मिनिटांत दीड हजार डॉलर हातात.

"तिथली मुलगी इतकी गोड होती, मिस वर्नीस. जोसीला लॉलीपॉप दिला."

"देणारच. पुढे?"

पुढे दर महिन्याला तीनशे तीस डॉलर. पाच महिने तिने ते भरले. मूळ रक्कम जेमतेम जागची हलली. सहाव्या महिन्यात जोसीचे कान दुखायला लागले, दोन आठवडे कामं बुडाली आणि हप्ता चुकला.

"घेतले त्याहून जास्त दिलेस की," मी म्हटलं.

"हो. पण कागदावर सही माझीच आहे ना. चूक माझी आहे."

हे वाक्य मला फार ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. एल्विन, माझा नवरा, गेला तेव्हा त्याच्या थडग्याला दगड बसवायला मी त्याचा पिकअप ट्रक असाच लिहून दिला होता. नऊशे डॉलरसाठी. तीन हप्ते चुकले आणि एका रविवारी मी चर्चमधून बाहेर आले तर ट्रकच्या जागी नुसता तेलाचा डाग. आत एल्विनच्या मासे धरायच्या काठ्या होत्या. मी त्या मागायलाही गेले नाही. कर्ज बुडवलेल्या बाईने कोणत्या तोंडाने काठ्या मागायच्या, असं मला वाटलं.

दोन वर्षांनी आमच्या चर्चच्या तळघरात गरिबांना फुकट सल्ला देणारा एक वकील बोलायला आला होता. त्याने सांगितलं, गाडीतल्या वस्तू परत द्याव्याच लागतात. आमच्या टेनेसीत गाडी उचलल्यावर वीस दिवस विकता येत नाही, तेवढ्यात पैसे भरून ती सोडवता येते. विकल्यावर कर्ज आणि खर्च वजा जाऊन उरतील ते पैसे मालकाचे. माझा ट्रक सात हजारांचा होता. त्या तळघरात खुर्चीवर बसून मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि मग कॉफी घ्यायला उठले, कारण दुसरं काय करणार? पण त्याने वाटलेलं पत्रक मी घरी आणलं, फ्रिजवर चिकटवलं आणि येता-जाता वाचलं. मंगळवारी रँडलला जे ऐकवलं ते सगळं त्या पत्रकातलं.

हे मी शेल्बीला सांगितलं. तिने बराच वेळ माझा हात धरून ठेवला. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या काठ्या अजून कुठेतरी असतील का हो?"

"आता नाही गं. चल, गॅरेज रिकामं करू."

बंद गॅरेजचं दार उघडून आत शिरायची त्यांना परवानगी नाही, हेही पत्रकात होतं. माझ्या गॅरेजमध्ये एल्विनची छोटी होडी, तीन तुटक्या खुर्च्या आणि ख्रिसमसचं सामान होतं. दुपारपर्यंत आम्ही ते सगळं परसात काढलं आणि हिरवी गाडी आत घालून दाराला कुलूप लावलं. मिस्टर पोलार्ड मदतीला आले, म्हणजे खुर्ची आणून बसले आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ते सांगत राहिले.

मला वाटत होतं, आता फार तर आपण मुदत मागून घेऊ. शेल्बीला वाटत होतं, तेवढं मिळालं तरी पुष्कळ. वकील कुठे फुकट मिळेल म्हणून मी माझ्या पत्रकावरच्या नंबरला फोन केला, तर तिकडच्या बाईने पहिलाच प्रश्न विचारला, नवरा काय करतो? फौजेत म्हटल्यावर ती म्हणाली, मग तुम्ही आमच्याकडे कशाला येता, छावणीत फौजेच्या माणसांसाठी आणि त्यांच्या बायकांसाठी कायद्याचं ऑफिस आहे, तिथे जा. शेल्बी दीड वर्षं छावणीच्या दवाखान्यात जात होती. ते ऑफिस दवाखान्यापासून तीन इमारती सोडून होतं. तिला वाटायचं, तिथे फक्त मृत्युपत्रं होतात.

गुरुवारी आम्ही गेलो. माझ्या गाडीने, जोसीसकट. फाटकावर माझ्यासाठी पाहुण्याचा पास काढावा लागला आणि फोटोत मी अशी दिसत होते की मलाच मी आत सोडलं नसतं.

तिथली वकीलबाई कॅप्टन होती. कॅप्टन इबारा. तिशीची, नाकावर वांग, टेबलावर कागदी कपात सूर्यफुलाच्या बिया. शेल्बीने करार पुढे केला आणि मान खाली घालून बसली, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवतात तशी. कॅप्टन बिया सोलत वाचत होती.

"मिसेस क्राउडर, पैसे घेतले तेव्हा तुमचे मिस्टर नोकरीत होते?"

"हो बाई. आधी इथे, मग जूनमध्ये पोलंडला."

"तुम्हाला त्यांनी विचारलं होतं का, घरात कुणी फौजेत आहे का?"

शेल्बीचा चेहरा उतरला. "फॉर्मवर एक चौकोन होता. 'तुम्ही फौजेत आहात का.' मी 'नाही'वर खूण केली. मी खोटं बोलले का?"

"तुम्ही फौजेत आहात?"

"नाही."

"मग खरंच लिहिलंत. आणि चुकीची खूण केली असती तरी त्यांची सुटका नव्हती. नाव तपासायला सरकारी यादी आहे. दोन मिनिटांचं काम आहे ते." तिने पान उलटलं. "ओळख म्हणून काय दाखवलंत? लायसन?"

"लायसन अर्कान्सासचं होतं, मुदत संपलेली. म्हणून मी हे दिलं." शेल्बीने पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. छावणीचं ओळखपत्र. त्यावर तिचा फोटो आणि खाली स्वच्छ अक्षरांत वेस्लीचं नाव, हुद्दा आणि ती त्याची बायको असल्याची नोंद.

कॅप्टनचा हात बियांच्या कपावर थांबला. "हे दिलंत? आणि त्यांनी काय केलं?"

"झेरॉक्स काढली."

"एका बाजूची?"

"दोन्ही."

"दोन्ही बाजूंची," कॅप्टन पुन्हा म्हणाली. आवडीचं जेवण समोर आल्यावर माणूस जसा बोलतो, तशी. मग तिने कप बाजूला सारला आणि खुर्ची पुढे घेतली.

"नीट ऐका. नोकरीत असलेला शिपाई, त्याची बायको, त्याची मुलं, यांना गाडीचा कागद ठेवून घेऊन कर्ज द्यायला असल्या दुकानांना बंदी आहे. अख्ख्या देशात. वर व्याजाला वर्षाला छत्तीस टक्क्यांची मर्यादा, आणि तुमचं मी मनातल्या मनात मोजलं तर अडीचशेच्या वर जातंय. हा करार पहिल्या दिवसापासूनच रद्द आहे. तुम्ही हप्ता चुकवला म्हणून नव्हे, त्यांनी दिलं म्हणून. तुमच्या गाडीवर त्यांचा हक्क कधी नव्हताच."

शेल्बी करारावरच्या स्वतःच्या सहीकडे बघत होती. मला वाटलं तिला कळलं नाही. मग ती म्हणाली, "पण बाई, पैसे तर मी घेतले."

"घेतलेत."

"मग ते त्यांचे आहेत."

"मिसेस क्राउडर, करारच नाही म्हटल्यावर तुम्ही भरलेले सगळेच मागता येतील. मागायलाही हरकत नाही."

"मला सगळे नकोत. मी दीड हजार घेतले, दीड हजार त्यांना राहू देत. वरचे जे आहेत ते द्यावेत, आणि माझा कागद द्यावा. आणि सारखे फोन करू नयेत."

मी तिच्या जागी असते तर सगळे पैसे मागितले असते, आणि वर त्यांच्या दुकानातली लॉलीपॉपची बरणी. तसं मी म्हटलंही. कॅप्टन हसली, पण शेल्बीकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं पत्र लिहिते. मात्र नकार आला तर पुढच्या पत्रात मी माझ्या मनासारखं लिहीन."

पत्र त्याच दिवशी गेलं. शुक्रवारी दुकानातून शेल्बीला फोन आला; तोच पोरगा मॅनेजर. तिने मला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणत होता की तुम्ही फौजेत नाही असं स्वतःच लिहून दिलंय, आणि हे आम्ही कोर्टात दाखवू. शेल्बीने या वेळी फोन पालथा घातला नाही.

"माझ्या फाइलमध्ये बघा," ती म्हणाली. "ओळखपत्राची झेरॉक्स असेल. दोन्ही बाजूंची. ती बघा आणि मग कॅप्टन इबारांना फोन करा. मला करू नका."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्याने फोन ठेवला.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो आणि हसलो. जोसीला काही कळलं नाही तरी तीही हसली. त्या दिवशी मी पिंटो बीन्स आणि कॉर्नब्रेड केलं होतं, ते तिघींनी मिळून चाटूनपुसून संपवलं.

अडीच आठवड्यांनी जाड लिफाफा आला. आत गाडीचा कागद, कर्ज नाही असं लिहिलेलं पत्र आणि जास्त भरलेल्या दीडशे डॉलरचा चेक. सोबत माफीचा एक शब्द नव्हता. शेल्बीने कागद उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे दिला, मग परत घेतला. गॅरेज उघडून गाडी बाहेर काढली आणि पूर्वी जिथे लावायची तिथेच, रस्त्यावरून दिसेल अशी उभी केली.

त्या शनिवारी एक जुनी निळी गाडी आमच्या गल्लीत आली. रँडल उतरला. या वेळी त्याच्या अंगावर खिशावर नाव नसलेला शर्ट होता आणि टोपी हातात. शेल्बी मागे सरली. मी पुढे झाले.

"कामासाठी आलो नाही, बाई," तो मला म्हणाला. "दुकानात ऐकलं की हिरव्या गाडीचं प्रकरण उलटलं. नवरा फौजेत म्हणून." टोपी हातात फिरवत राहिला. "माझी मुलगी... तिचा नवरा तोफखान्यात आहे. जूनमध्ये तिनेही असेच पैसे घेतले, दुसऱ्या दुकानातून. मला आत्ता सांगितलं. मी या धंद्यात आहे म्हणून लाजली."

मग शेल्बी घरात गेली आणि एका कागदावर नंबर, इमारतीचा क्रमांक, कॅप्टनचं नाव असं सगळं लिहून घेऊन आली.

"तिने ओळख म्हणून काय दाखवलं होतं ते विचारून ठेवा," ती त्याला म्हणाली. "आणि तिला सांगा, तिथे कुणी रागावत नाही. बिया खायला देतात."

त्याने कागदाची घडी करून टोपीत ठेवली. "थँक यू, बाई," म्हणाला. त्याच्या मुलीचं काय झालं ते मला पक्कं माहीत नाही. पण कॅप्टन इबाराच्या ऑफिसात पुढे आम्ही केक घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली की तुमच्या गल्लीने माझ्याकडे बरीच गिऱ्हाइकं पाठवली, एकीला तर बाप घेऊन आला होता. नावं ती सांगत नाही.

एवढं सगळं झालं तरी वेस्लीला सांगायचं राहिलंच होतं. शेल्बी रोज उद्यावर ढकलत होती. मी म्हटलं, गाडी वाचली, पैसे वाचले, आता सांगायला काय हरकत आहे? ती म्हणाली, "मिस वर्नीस, त्याने विश्वास टाकला होता. तो कुठल्या पत्राने परत येणार?"

शेवटी एका रविवारी चर्चहून आल्यावर तिने मला शेजारी बसवून घेतलं आणि व्हिडिओवर त्याला सगळं सांगितलं. मार्चपासून. कोल्बी, दुकान, हप्ते, टोइंगचा ट्रक, कॅप्टन. काही गाळलं नाही. पडद्यावर वेस्ली कानटोपी घालून कुठल्याशा गारठलेल्या खोलीत बसला होता.

सांगून झाल्यावर तो म्हणाला, "कोल्बीचं मला ठाऊक होतं."

शेल्बीने फोन जवळ ओढला.

"सप्टेंबरात त्याने मला मेसेज केला. म्हणाला, ताईने माझ्यासाठी पैसे काढलेत, मी फेडतोय, तिच्यावर चिडू नकोस. कुठून काढलेत ते त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, ती सांगेल. रोज फोन केला की वाटायचं, आज सांगेल."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"तू घाबरलेली दिसत होतीस. मला वाटलं, माझ्या विचारण्याला घाबरतेस." त्याने कानटोपी काढली. "तेच खरं होतं ना?"

तिने मान डोलावली. तो म्हणाला, "मी ते 'एक छदामही नाही' म्हटलं, ते चुकीच्या आवाजात म्हटलं. पैसे दिलेस याचा राग नाही मला. ट्रक आला तेव्हा माझ्याऐवजी मिस वर्नीसला धावावं लागलं, त्याचं वाईट वाटतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस वर्नीस, तुम्ही खरंच धावलात?"

"त्याला धावणं म्हणत असतील तर," मी म्हटलं.

मी तिथून उठले. पुढचं त्या दोघांचं होतं. स्वयंपाकघरात जोसीला सफरचंद कापून देताना मला बाहेरून शेल्बीचा रडण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने दोघांचाही हसण्याचा. कोल्बी खरोखरच फेडत होता, म्हणजे त्याच्या पद्धतीने; कधी चाळीस डॉलर, कधी वीस, एकदा नुसती डुकराच्या मांसाची सॉसेजं बर्फात घालून पाठवली. उत्तम होती.

मार्चमध्ये वेस्ली परत आला. त्याच आठवड्यात शेल्बीला नदीपलीकडच्या एका छोट्या चर्चचा पियानो लावायचा होता आणि तिने मलाही सोबत नेलं. म्हणाली, घरी बाप-लेकीला जरा एकमेकांची ओळख होऊ दे. त्या पियानोत उंदरांनी घर केलं होतं. तिने एकेक पट्टी बाहेर काढली, कापसाचा आणि चिरगुटांचा ढीग उपसला, आतून एक गंजलेली केसांची पिन आणि दोन नाणी निघाली, ती तिने चर्चच्या वेदीवर ठेवली. मी पुढच्या बाकावर पाय लांब करून बसले होते. उघड्या दारातून उन्हाची पट्टी आत आली होती, बाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं, आणि शेल्बी एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून कान देऊन ऐकत होती. थोडी चावी फिरवायची, पुन्हा दाबायची.

"आता?" तिने मला विचारलं.

"मला काय कळतंय? आधीही बरी वाजत होती."

"तुम्हाला सगळंच बरं वाटतं, मिस वर्नीस," ती म्हणाली आणि पुढच्या पट्टीकडे वळली.